वाँटन सूप घरी होत नाही? कोण म्हणतं!

"घरी कुठे जमतं रे? त्याला रॅपर लागतात, स्पेशल साहित्य लागतं." वाँटन सूपचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. आणि हे म्हणायचं कुठे, तर भिवंडीत! जिथे रमजानमध्ये समोसे भरले जातात, गणपतीत मोदकांना कळ्या पाडल्या जातात, दिवाळीत करंज्यांना मुरड घातली जाते, त्या गावाला मैद्याचा एक चौकोन दुमडता येत नाही म्हणे. काय राव!

रॅपर म्हणजे असतं तरी काय? मैदा, मीठ, पाणी, हवं तर एक अंडं. घट्ट मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, पातळ लाटून आठेक सेंटिमीटरचे चौकोन कापायचे. संपलं. हेच ऑनलाइन मागवलं तर कदाचित आपल्याच हायवेवरच्या गोदामातून येईल :)

आता गाडीवरचं चायनीज. मलाही आवडतं, गैरसमज नको. पण ते आपलंच आहे. चिकन मंचुरियनचं श्रेय दिलं जातं मुंबईच्या नेल्सन वाँग यांना, साल 1975. तिथलं सूप कॉर्नफ्लोअरने घट्ट केलेलं. वाँटन सूप नेमकं उलटं, नितळ. कँटोनीजमध्ये वाँटन लिहितात ती दोन अक्षरं म्हणजे 'ढग' आणि 'गिळणं'. ढग दिसायला पाणी स्वच्छ नको? चिकनची हाडं, आलं, पातीचा कांदा मंद आचेवर दीड तास. खळखळा उकळलं की गढूळ झालंच. वाँटन वेगळ्या पाण्यात शिजवायचे, नाहीतर मैदा सुपात उतरतो. एवढा वेळ गाडीवाल्याला कुठून परवडणार? म्हणजे हे सूप मुळात घरीच करायचं.

मग अडतं कुठे? साहित्यात नाही, हातांत. चाळीस वाँटन एकट्या आईने किंवा बायकोने लाटायचे, भरायचे, दुमडायचे आणि आपण आतून विचारायचं, "झालं का?" उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर मिळून ज्याओझ भरायला बसतं, म्हणून शेकड्यांनी होतात. आपण मात्र आठवडाभर ऑफिसात टीमवर्कवर प्रेझेंटेशनं देतो आणि घरी आलो की सिंगल युजर!

'घरी जमत नाही' याचा खरा अर्थ 'मी बसणार नाही' एवढाच आहे. तेव्हा या रविवारी लाटणं तुम्ही हातात घ्या.

आणि हो, भांडीसुद्धा.