नाव ठेवण्याआधी गोळ्यांचे पाकीट पाहा

वस्तीत घरभेटी करताना एका घरी आम्हाला वेगळीच तक्रार ऐकायला मिळाली. घरातले बाबा सफाई कामातून निवृत्त झालेले. हात थरथरायचे, चाल मंदावली होती. तपासणीत कंपवात निघाला. गोळ्या सुरू झाल्या, थरथर कमी झाली. पण वर्षभरात, आयुष्यात कधी पत्त्यांना हात न लावलेला हा माणूस रोज मटका लावू लागला. फंडाचे पैसे गेले, मग बायकोचे कानातले गेले. सून म्हणाली, "सिस्टर, आमच्या मामांना या वयात हे काय सुचतंय?" शेजारी म्हणाले, संगत वाईट. नातेवाईक म्हणाले, कोणीतरी करणी केली. गोळ्यांचे पाकीट मात्र कोणी पाहिले नव्हते. त्यावर नाव होते प्रॅमिपेक्सोल.

या गटाच्या औषधांना डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट म्हणतात. डोपामाइन म्हणजे मेंदूत निरोप पोहोचवणारे एक रसायन. कंपवातात ते तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून हालचाल अडते. या गोळ्या डोपामाइनची नक्कल करतात. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल कंपवातासाठी, तसेच रात्री पाय स्वस्थ न राहण्याच्या आजारासाठी देतात. कॅबरगोलिन आणि ब्रोमोक्रिप्टिन याच गटातली. प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढून पाळी थांबली किंवा बाळंतपण नसताना अंगावर दूध येऊ लागले, तर ती देतात. औषधे उपयोगाची आहेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

त्यांचे त्रासही आहेत. मळमळ, उठताना चक्कर, पायांवर सूज, नसलेली माणसे दिसणे, बसल्या बसल्या अचानक झोप लागणे. रिक्षा चालवणाऱ्याला अशी झोप लागली तर जिवावर बेतते.

हे त्रास निदान डोळ्यांना दिसतात. दुसरा त्रास दिसत नाही. एखादी गोष्ट हवीशी वाटणे, ती मिळाल्यावर पुन्हा करावीशी वाटणे, यातही डोपामाइनचाच हात असतो. म्हणून ही औषधे घेणाऱ्या काहींना जुगार, खरेदी, खाणे किंवा कामवासना आवरता येत नाही. अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० कंपवात रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ही औषधे घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे १७ जणांत असे वर्तन आढळले, न घेणाऱ्यांत सुमारे ७ जणांत. म्हणजे बहुतेकांना हा त्रास होत नाही. पण ज्यांना होतो, त्यांचे घर बसते. फ्रान्समध्ये रोपिनिरोल घेताना जुगारात बुडालेल्या एका रुग्णाला २०१२ साली रेन येथील न्यायालयाने औषध कंपनीकडून भरपाई मिळवून दिली.

आमचे म्हणणे साधे आहे. गोळी लिहून देतानाच हा धोका सांगितला पाहिजे, आणि रुग्णासोबत घरच्यांनाही सांगितला पाहिजे. कारण बदल आधी घरच्यांना कळतो. रुग्णाला स्वतःला त्यात काही वावगे वाटत नाही. ओपीडीत गर्दी असते, हे आम्ही नोकरीत पाहिले आहे. पण हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. माहिती मिळणे ही मेहेरबानी नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे.

नवऱ्याची मागणी अचानक वाढली, तर बाई हे कोणाला सांगणार? भगिनींनो, नर्सला सांगा, आशाताईला सांगा. कारण गोळीचे असले तरी तुम्ही सहन करावे, असे मुळीच नाही.

मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अचानक बंद केल्यास अंग आखडते, घाबरे होते, मन खचते. डॉक्टरांकडे जाताना पाकीट सोबत न्या आणि वागणे कधीपासून बदलले ते सांगा. डोस हळूहळू कमी करता येतो, औषध बदलता येते. तोवर पैसे आणि मोबाइलवरचे व्यवहार घरातल्या दुसऱ्या माणसाने सांभाळावेत.

त्या बाबांचा डोस डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवला. काही महिन्यांत मटका सुटला. गेलेले पैसे परत आले नाहीत. पण ज्या बापाशी मुलगा बोलत नव्हता, त्याला आता तोच दवाखान्यात घेऊन जातो. पहिल्याच दिवशी कोणी दोन मिनिटे बोलले असते, तर बायकोचे कानातलेही वाचले असते.