टाक्यांची मजुरी

पहिल्यांदाच जत्रेत स्टॉल लावणाऱ्या बाईला सल्ले द्यायला सगळे तयार असतात. टेबलावर कोणतं कापड अंथरायचं, बॅनर केवढा करायचा, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, पिशव्या किती न्यायच्या. बचत गटांच्या प्रशिक्षणातही हे सगळं नीट सांगतात. मात्र कुणीतरी शेजारी बसून वस्तूच्या किमतीचा हिशेब करून घेतलाय, असं या सदरासाठी भेटलेल्या फार थोड्या बायकांच्या तोंडून ऐकलं. पहिली जत्रा फायद्याची की तोट्याची, हे स्टॉलवर ठरत नाही. ते आदल्या आठवड्यात, घरी, चिठ्ठीवर आकडा लिहिताना ठरून गेलेलं असतं.

गोधडीचंच घेऊ. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका प्रदर्शनात आंबेगाव तालुक्यातल्या एक बाई पहिल्यांदाच माल घेऊन आल्या होत्या. त्यांची एक गोधडी मी उलगडून पाहिली. आत जुन्या सुती लुगड्यांचे थर, वर नव्या कापडाचे चौकोन, कडेला लाल पट्टी. धावदोरा कडेकडेने सुरू होऊन चारी बाजूंनी आत आत येत मध्यावर संपलेला. एका पेराएवढ्या जागेत तीन-चार टाके सहज मोजता येत होते आणि एवढ्या मोठ्या पसाऱ्यात ओळ कुठे वाकलेली नव्हती. मागून पाहिलं तर तिथेही टाका तितकाच साफ. वहीच्या कागदाचा एक तुकडा टाचणीनं लावला होता : १,२०० रुपये.

हा आकडा कुठून आला, असं विचारलं. "शेजारच्या ताईंनी बाराशे लावलाय, म्हणून मीबी तेवढाच लावला." आणि शिवायला किती दिवस लागले? "दिवस कशाचे, दुपारचं रिकामंच असतं की."

आम्ही त्यांच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. रोज दुपारी तीन-साडेतीन तास धरले आणि गोधडी पुरी व्हायला लागलेले दिवस मोजले, तर अठ्ठेचाळीस तास झाले. म्हणजे आठ तासांचे सहा दिवस. वरचं नवं कापड आणि दोरा मिळून ६५० रुपये. गावाहून येण्याजाण्याचं भाडं, मालाचा टेम्पो, राहणं-खाणं असा जत्रेचा खर्च आणलेल्या नगांवर वाटला, तर एका गोधडीवर साधारण ३०० रुपये पडत होते. बाराशेतून हे साडेनऊशे वजा केले की उरले अडीचशे. सहा दिवसांचे अडीचशे, म्हणजे दिवसाला बेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत.

याच महाराष्ट्रानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. मागेल त्याला अंगमेहनतीचं काम आणि त्या कामाला ठरलेली मजुरी मिळाली पाहिजे, हे तत्त्व देशभर जाण्याआधी इथे कायद्यात उतरलं. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीच्या कामावर राज्यात दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. तो दर कमीच होता, असं माझं मत आहे. तरी तोच धरला तर सहा दिवसांचे १,७८२ रुपये होतात. कापड, दोरा आणि जत्रेचा खर्च मिळवला की गोधडी २,७३२ रुपयांना जाते. यात नफ्याचा एक पैसा नाही. सुई धरणाऱ्या हाताच्या कसबाचाही नाही. माती उचलायला जो दर मिळतो, तोच त्या बारीक टाक्याला लावला एवढंच.

"दुपारचं रिकामं" हे शब्द मी पैठणच्या बाजूला ऐकलेत, कोकणात ऐकलेत, मुंबईतल्या उपनगरांतल्या क्रोशा करणाऱ्या बायकांकडूनही ऐकलेत. भांडी झाली, माणसं कामाला गेली, आता बसलेच आहे तर चार टाके घालते. गोधडी विकण्यासाठी नव्हतीच कधी. लेकीच्या बाळंतपणाला, नातवाच्या बारशाला, घरच्या माणसांच्या पांघरुणाला ती शिवली गेली. तिथे तास मोजायचा प्रश्न नव्हता. पण तीच गोधडी टेम्पोत बसून पुण्याला आली की ती माल होते, आणि मालाच्या किमतीत मजुरी धरावीच लागते. हा बदल बाईच्या मनात आपोआप होत नाही. तो कुणीतरी तिच्याबरोबर बसून, तिच्याच वहीत, तिच्याच आकड्यांनी करून घ्यावा लागतो.

त्यात पहिल्या दिवशीची भवानी घात करते. सकाळी दहापासून उभं राहायचं, लोक हात लावून पुढे जाणार, बाजूच्या पापड-कुरडयांच्या स्टॉलवर मात्र रांग. अकरा वाजतात, बारा वाजतात. मग एखादं गिऱ्हाईक थांबतं आणि घडी उलगडायच्या आतच विचारतं, शेवटचे किती? भवानीची वेळ आहे, द्या नऊशेला. पहिल्यांदा आलेली बाई अशा वेळी देऊन टाकते. आणि एकदा नऊशेला दिली की चार दिवस तोच भाव चालतो. कारण आता तिलाच वाटू लागतं, आपण बाराशे उगाच लावले होते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, किंमत कापडी चिठ्ठीवर, धुऊन न जाणाऱ्या शाईनं लिहा आणि गोधडीच्या कोपऱ्यात शिवून टाका. टाचणीचा कागद बदलता येतो. शिवलेल्या चिठ्ठीसमोर घासाघीस करणाऱ्याचाही आवाज खाली येतो, हे मी पाहिलंय.

एवढ्या किमतीला घेणार कोण? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. कमी लोक घेतील. शेजारी मशीनवर शिवलेली, छापील कापडाची रजई निम्म्या भावात टांगलेली असेल, तर बरेच जण तिकडे जातील. म्हणून पहिल्या जत्रेला नुसत्या मोठ्या गोधड्या नेऊ नयेत. बाळासाठी छोटी गोधडी, दुपटं, बटवा, चष्म्याचं घर, उरलेल्या चिंध्यांचे आसनाचे तुकडे, असा माल भरपूर असावा. माणूस दोनशे-तीनशे रुपये फार विचार न करता काढतो आणि स्टॉलचा खर्च त्यातून निघतो. मोठी गोधडी मागे दोरीवर पूर्ण उलगडून टांगलेली असावी. ती त्या दिवशी विकली गेली नाही तरी चालेल. शेवटच्या संध्याकाळी "परत कुठे न्यायची" म्हणून ती स्वस्तात काढू मात्र नये. गोधडी नासत नाही, पुढच्या जत्रेला चालते.

पण खरी कमाई दुसरीकडेच आहे. आजी गेली, तिच्या साड्या कपाटात पडून आहेत, टाकवत नाहीत, नेसवतही नाहीत, असं कितीतरी शहरी घरांत असतं. अशा साड्या घेऊन गोधडी शिवून देण्याचं काम आता बऱ्याच बायका करतात. यात कापड गिऱ्हाइकाचं असतं. त्यामुळे पैसे उघडउघड मजुरीचेच मागावे लागतात आणि गिऱ्हाईकही ते मजुरी म्हणूनच देतं. जी बाई तयार गोधडीचे दोन हजार सांगताना चाचरते, तीच इथे "शिलाईचे अमुक, निम्मे आगाऊ" असं सरळ सांगू शकते. तेव्हा स्टॉलवर विक्रीच्या वहीबरोबर ऑर्डरची वही हवीच. नाव, फोन, माप, साड्या कधी आणून देणार, गोधडी कधी मिळणार. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय नोंद करायची नाही.

आता थोडं घेणाऱ्यांविषयी, म्हणजे आपल्याविषयी. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. तिचं नावसुद्धा न घेतल्याबद्दल आपण सगळे संतापलो, आणि ते योग्यच होतं. पण कारागिराचा हक्क परदेशी कंपनीकडून मागायचा आणि तोच कारागीर जत्रेत समोर उभा राहिला की "एवढे कशाचे?" म्हणायचं, हे जुळत नाही. परवडत नसेल तर बटवा घ्यावा, किंवा नुसतं पाहून चांगलं झालंय म्हणून पुढे जावं. दुकानातल्या छापील किमतीसमोर आपण गप्प बसतो. ज्या हातांनी वस्तू केली तेच हात समोर असताना मात्र आपल्याला भाव पाडायचा असतो. याचा मला राग येतो.

राहिले आयोजक. १९८१ साली लैला तय्यबजी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी दिल्लीत 'दस्तकार' ही संस्था उभी केली, त्यामागे कारागिराला थेट ग्राहकापर्यंत नेण्याचा विचार होता. मुंबईतलं 'महालक्ष्मी सरस', पुण्यात डिसेंबरात भरणारी 'भीमथडी जत्रा' यांनी तोच विचार गावोगावच्या बचत गटांपर्यंत नेला. या जत्रांमुळे कितीतरी बायका पहिल्यांदा स्वतःच्या मालासमोर उभ्या राहिल्या, याची मला मनापासून किंमत आहे. पण आता गल्लोगल्ली 'हस्तकला प्रदर्शनं' भरतात आणि त्यांतल्या कित्येक ठिकाणी घाऊक बाजारातून उचललेला माल हातच्या मालाला खेटून मांडलेला असतो. वारली चित्र हातानं काढणाऱ्याशेजारी वारलीची नक्षी छापलेले मग! गिऱ्हाइकाला फरक कळत नाही आणि भाव छापील मगाचा ठरतो. हातच्या मालाची रांग वेगळी करा आणि तसा ठळक फलक लावा. यासाठी पैसे लागत नाहीत, आधी माल पाहून निवड करण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

आणि एक गोष्ट मी दर जत्रेत मुद्दाम पाहते : स्टॉलवरचा क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे? गिऱ्हाईक पैसे भरतं, आणि मोबाइलच्या पडद्यावर नाव येतं नवऱ्याचं, नाहीतर मुलाचं. दिवसभर उभी ती राहिली, टाके तिनं घातले, रक्कम तिच्या खात्यात आलीच नाही. घरात भांडण नसेल, पैसे संसारालाच लागत असतील, तरीही. पुढे कर्जासाठी बँकेत गेली की दाखवायला तिच्या नावावर उलाढाल नसते. येत्या हंगामाचे अर्ज आयोजकांनी छापायला टाकले असतील, तर स्टॉलधारकाच्या नावाखाली त्याच नावाच्या बँक खात्याचा क्रमांक मागणारा रकाना घाला, आणि त्याखाली वस्तूला लागणारे तास लिहायचा दुसरा. खातं नसेल तर जत्रेआधी ते उघडायला महिना-दीड महिना हाताशी आहे.