हातचलाखीची मजुरी

गेल्या वर्षी माळा साफ करताना पत्र्याच्या एका जुन्या पेटीत तीन पितळी वाट्या, कापडाच्या चार गोळ्या आणि कडा काळवंडलेला पत्त्यांचा कॅट हाती लागला, तेव्हा प्रथम अभ्यासाच्या आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने चाळीस वर्षांपूर्वी ज्या विद्येला मी अंतर दिले, तिचे ऋण अजून फिटलेले नाही याची मला तीव्रतेने जाणीव झाली. त्यानंतर सहा महिने रोज पहाटे अर्धा तास आरशापुढे बसलो, तेव्हा कोठे तळहातात लपविलेला रुपया स्थिर राहू लागला.

गुपित कळले की जादू आली, अशी बालपणी माझी समजूत होती. आता प्रत्यय आला तो असा, की गुपित हा या कलेचा सर्वांत अल्पमोली अंश असून, तिचे खरे सामर्थ्य हालचालीच्या सहजतेत, बोलण्याच्या लयीत आणि प्रेक्षकांची नजर जेथे न्यावयाची तेथे आपली नजर आधी नेण्याच्या संयमात आहे. जादूगार रघुवीर, म्हणजे पुण्याचे रघुवीर भोपळे, यांनी ही कला मराठी रंगमंचावर प्रतिष्ठेस नेली आणि देशोदेशी दाखविली. परंतु मला तिची पहिली दीक्षा मिळाली ती बाजाराच्या दिवशी चौकात चादर अंथरून डमरू वाजविणाऱ्या एका फिरत्या जादूगाराकडून. पडदा नाही, दिवे नाहीत, चारी बाजूंनी गर्दीचा वेढा, आणि तरीही वाटीच्या माथ्यावरची मूठ दोन बोटांत धरून तो ती अशी उचली, की गोळी कोठे गेली हे अगदी पाठीशी उभ्या असलेल्यालाही उमगत नसे. खेळाअखेर तो निक्षून सांगे, की ही हातचलाखी आहे, मंत्रतंत्र नव्हे. आपण चकवीत आहोत हे स्वमुखाने कबूल करणाऱ्याइतका प्रामाणिक कलावंत विरळा.

अशा इसमाची आपल्या कायद्याच्या दप्तरी नोंद काय आहे? मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध अधिनियम, 1959 यातील व्याख्येनुसार गाणे, नृत्य, भविष्यकथन किंवा खेळ करून दाखविणे यांच्या मिषाने सार्वजनिक जागी भिक्षा मागणे वा स्वीकारणे हीदेखील भीकच ठरते. मी दिवाणखान्यात नातवंडांपुढे तोच खेळ केला तर तो छंद, आणि त्याने चौकात केला तर तो गुन्ह्याच्या व्याख्येत, हा भेद न्यायबुद्धीला मुळीच मानवत नाही.

म्हणून शासनाने या व्याख्येतून कलाप्रदर्शन वगळावे आणि नगरपालिकांनी बाजारात व उद्यानांत या कलावंतांना रीतसर परवाना व जागा द्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. वाचकहो, यापुढे असा खेळ दिसल्यास शेवटपर्यंत थांबा आणि निघताना हात आखडू नका. त्या चादरीवर पडणारे नाणे ही वर्षानुवर्षांच्या साधनेची मजुरी आहे.