हक्क गेला की मर्जी उरते

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, त्याचे मुकुंदवाडीला काय, असे कोणी विचारील. सकाळी डबा घेऊन चिकलठाण्याच्या एमआयडीसीत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराला लंडनच्या राजकारणाशी काय देणेघेणे? आम्ही म्हणतो, देणेघेणे आहे. वरचा लेखी नियम काढून घेतला की तळातल्या माणसाचे काय होते, याचा धडा त्या देशाने जगासमोर गिरवला आहे. हा धडा आमच्यासाठी नवा नाही. पण तो विसरणे आम्हाला परवडणारेही नाही.

23 जून 2016 रोजी तिथे सार्वमत झाले. 51.9 टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले आणि त्याच वर्षाअखेरीस सामायिक बाजारपेठेतूनही गेले. घोषणा होती आपला कारभार आपल्या हाती घेण्याची. सार्वमतानंतर कॅमेरून गेले आणि 2016 ते 2022 या काळात मे, जॉन्सन, ट्रस आणि सुनक असे चार पंतप्रधान त्या खुर्चीवर बसले. जुलै 2024 मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. संघात राहिलो असतो त्यापेक्षा देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे 4 टक्क्यांनी कमी राहील, असा अंदाज तिथल्या अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या स्वायत्त कार्यालयाचाच आहे. कारभार हाती आला खरा, पण कोणाच्या हाती?

बाहेर पडण्याच्या बाजूने भरभरून मते पडली ती वेल्समधल्या ब्लायनाय ग्वेंटसारख्या भागात. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने बंद पडून उजाड झालेला हा मुलूख. तिथल्या 62 टक्के मतदारांनी बाहेर पडा म्हणून सांगितले. याच मुलखाला युरोपीय संघाचा विकासनिधी मिळत होता, आणि तो कोणाच्या कृपेने मिळत नव्हता. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या 75 टक्क्यांखाली, त्याला जास्त निधी, असा लेखी निकष होता. त्या जागी आता लंडनचे सरकार ठरवील तो निधी आला. काल जो हक्क होता, तो आज मंत्र्याची मर्जी झाला.

त्या गरीब गोऱ्या मतदाराला आम्ही मूर्ख म्हणणार नाही. तीस-चाळीस वर्षे त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. त्याच्या रागाला वाट हवी होती, आणि ती वाट परक्या मजुराकडे वळवण्यात आली. भाकरीचा प्रश्न अस्मितेच्या नावाने कसा गिळता येतो, हे आमच्या देशातल्या बहुजनांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

बरे, परका मजूर तरी थांबला काय? सार्वमताच्या वर्षी निव्वळ स्थलांतर सुमारे तीन लाख होते. 2023 मध्ये ते नऊ लाखांवर गेले. पोलंड-रुमानियाचा कामगार हक्काने येत होता, त्याच्या जागी भारत-नायजेरियाचा कामगार व्हिसावर आणला गेला. म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या कामगारांसाठी फेब्रुवारी 2022 मध्ये दार उघडले आणि जुलै 2025 मध्ये परदेशातून नव्या भरतीसाठी ते बंदही केले. मालकाने कामावरून काढले की या माणसाच्या देशात राहण्याचाच प्रश्न उभा राहतो. आमच्या कंत्राटी कामगाराची स्थिती यापेक्षा फार वेगळी आहे काय?

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या परदेशी शिष्यवृत्तीवर राज्यातून दरवर्षी अनुसूचित जातींचे 75 विद्यार्थी निवडले जातात. बाबासाहेब जिथे शिकले त्या लंडनची ओढ आमच्या मुलांना असणारच. शिक्षणानंतर दोन वर्षे काम करण्याची सवलत तिथे 2021 मध्ये मिळाली. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी ती 18 महिन्यांवर आणण्याचे ठरले आहे. मुलांनी जरूर जावे. पण सवलत म्हणजे हक्क नव्हे, हे मनाशी पक्के बांधून जावे. बडोद्याच्या महाराजांचे उपकार चळवळ विसरलेली नाही. तरीही शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते, हेही आम्ही विसरू नये.

जातीचा प्रश्न तिथेही आहे. जातिभेदाला समता कायद्यात स्पष्ट स्थान देण्याची जबाबदारी तिथल्या संसदेने 2013 मध्ये सरकारवर टाकली. जुलै 2018 मध्ये सरकारने ती झटकली आणि न्यायालये पाहून घेतील असे सांगितले. याचा संघाशी थेट संबंध नाही, हे मान्य. पण बाहेर पडताना युरोपीय मूलभूत हक्कांची सनद देशाच्या कायद्यातून वगळली गेली, आणि 2025 मध्ये हुजूर पक्षाने युरोपीय मानवी हक्क करारातूनही बाहेर पडण्याची भूमिका जाहीर केली. एक कागद गेला की दुसऱ्यावर डोळा जातो.

आता मराठवाड्याकडे पाहा. 1956 साली आम्ही हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात बिनशर्त आलो. पुढे मागासलेपणाच्या भरपाईसाठी घटनेच्या 371 (2) कलमाखाली 1994 मध्ये विकास मंडळ मिळाले. त्याची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. मुदतवाढीसाठी मराठवाडा पेटला काय? वेल्सच्या निधीचे आणि आमच्या मंडळाचे दुखणे एकच आहे.

म्हणूनच 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे हक्क आणि आर्थिक संरक्षण राज्यघटनेतच लिहून मागितले. सत्ताधाऱ्यांच्या सद्भावनेवर त्यांनी काहीही सोपवले नाही. नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. चिकलठाणा, शेंद्रा, वाळूजच्या कामगारांनी त्या वाचाव्यात, वस्तीवस्तीत बसून त्यांवर चर्चा करावी, जुन्या कायद्यातले काय राहिले आणि काय गेले याचा हिशेब मांडावा.

आणि लिहिलेले आहे म्हणून घरी बसता येत नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 रोजी झाला. विद्यापीठाच्या फाटकावर बाबासाहेबांचे नाव यायला 14 जानेवारी 1994 उजाडले. मधल्या साडेपंधरा वर्षांत आमची घरे जळाली, माणसे गेली. कागद मिळवायलाही लढावे लागते आणि राखायलाही. जे राखत नाहीत, त्यांच्या वाट्याला मर्जी येते.

जयभीम.