अम्मीने समुद्र पाहिला, तर कुणाचं काय गेलं?

आपल्या समाजात बाईने घराबाहेर पडायला चार कारणं चालतात: दवाखाना, मय्यत, लग्न आणि उमरा. पाचवं कारण सांगितलं की लोकांच्या भुवया चढतात. ते पाचवं कारण म्हणजे सुट्टी. नुसती सुट्टी. चार दिवस स्वयंपाक नाही, पाहुणे नाहीत, समोर पाणी आणि डोक्यावर ऊन.

माझी एक जुनी विद्यार्थिनी जर्मनीत नर्स आहे. उर्दू माध्यमात शिकली आणि माझ्याकडे मराठी गिरवून दहावी झाली. या वर्षी तिने अम्मीला बोलावून घेतलं आणि सहा दिवस माल्टा बेटावर नेलं. समुद्रालगत एक छोटा बंगला भाड्याने घेतला. अम्मी अंगणात बसून चहा पितेय, मागे निळं पाणी, असा एक फोटो नंदुरबारच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि दोन दिवस मोहल्ल्यात दुसरा विषय नव्हता. आक्षेप चार होते. एकेक घेते.

पहिला आक्षेप: हा इसराफ आहे, फिजूलखर्ची आहे. बरं. मग आपल्याकडच्या लग्नाचा हिशेब मांडू. मंडप, डीजे, ड्रोनवाला, हजार माणसांची बिर्याणी, उरलेली दुसऱ्या दिवशी नाल्यात. त्यासाठी शेत गहाण पडतं, भिशी मोडते, सावकार दारात येतो. त्या दावतीत पोटभर जेवून ढेकर देणारे भाऊजान एका बाईच्या सहा दिवसांच्या चहाला इसराफ म्हणतात! मुलीने कर्ज काढलं नाही, कुणाचा हक्क मारला नाही. रात्रपाळ्या करून मिळवलेला पगार आहे. तिच्याच पैशातून घरावर स्लॅब पडला आणि धाकट्या भावाची फी भरली, तेव्हा कुणी इसराफ शब्द काढला नव्हता.

दुसरा आक्षेप: एवढ्या पैशात उमरा झाला असता. झाला असता, आणि इन्शाअल्लाह होईलही. पण आपण इथले बहुतेक हनफी. आपल्या फिक्हमध्ये उमरा फर्ज नाही, सुन्नत आहे. जमिनीवर फिरा, आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, हे तर कुरआनात एकदा नव्हे, अनेकदा सांगितलं आहे. फिरणं हे इबादतीचं शत्रू कधीपासून झालं?

आणि ती गेली कुठे, हे तरी विचारा. माल्टा इसवी 870 मध्ये अरबांनी जिंकलं, 1091 मध्ये ते नॉर्मनांकडे गेलं. आज तिथली माणसं कॅथलिक आहेत, पण त्यांची भाषा अरबीच्या पोटातून आलेली आहे आणि रोमन लिपीत लिहिली जाते. देवाला ते ‘अल्ला’ म्हणतात. ईस्टरआधीच्या उपासांच्या काळाला त्यांचा शब्द ‘रंदान’, म्हणजे आपला रमजान. भाकरीला ‘होब्झ’, अरबीतला खुब्ज. जुन्या राजधानीचं नाव ‘मदिना’. चर्चमध्ये ‘अल्ला’ ऐकून त्या अम्मीला काय वाटलं असेल? भाषा कुठल्याही धर्माच्या दावणीला बांधलेली नसते, हे मी वर्गात वीस वर्षं सांगते आहे. मराठी आपली कशी, असं विचारणाऱ्यांना आणि उर्दू फक्त मुसलमानांची म्हणणाऱ्यांनाही. त्या बेटावर हे एका दिवसात कळतं.

तिसरा आक्षेप: मेहरम कोण होता? उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत, ते मला ठाऊक आहेत आणि मी मुफ्ती नाही. पण दोन गोष्टी सगळ्यांना दिसतात. 2018 पासून आपल्याकडून पंचेचाळीस वर्षांवरच्या बाया चौघी-चौघींच्या गटाने मेहरमशिवाय हजला जाऊ लागल्या. 2021 मध्ये सौदी सरकारनेही हजच्या नोंदणीत बायांना ही मोकळीक दिली. दुसरी गोष्ट म्हणजे हीच मुलगी परक्या मुलखात एकटी राहून पैसे पाठवत होती, तेव्हा मेहरम कुणालाच आठवला नाही. कमवायला एकटी चालते, अम्मीला घेऊन बसायला चालत नाही. हा मसला शरीयतचा नाही, सोयीचा आहे.

चौथा आक्षेप मात्र मला हलवून गेला. कुणीतरी लिहिलं, त्याच समुद्राच्या दुसऱ्या काठावर गाझा आहे आणि तुम्ही फोटो काढता? खरं आहे. तोच समुद्र. 3 ऑक्टोबर 2013 ला लांपेदुसा बेटाजवळ बोट बुडून साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. 2015 मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहत आलेलं ते लाल सदऱ्यातलं सीरियन लेकरू आपण कुणीच विसरलो नाही. एकाच पाण्यात एकाचा बंगला आणि दुसऱ्याची कबर, ही या जगाची लाज आहे. त्या पाण्यासमोर बसून एखाद्याने त्या मेलेल्यांसाठी दुआ करावी, हे मी म्हणेनच. पण दुःखाचा कर फक्त बायांकडूनच का वसूल करायचा? त्याच महिन्यात मोहल्ल्यात डीजे वाजत होता. क्रिकेटचे सामने चौकात पडदा लावून पाहिले गेले. तेव्हा गाझा कुठे होतं?

आता थोडं आपल्याच इतिहासाकडे बघू, कारण ‘ही आपली रीत नाही’ हे वाक्य मला फार ऐकायला मिळतं. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादहून निघून आपल्या नंदुरबारात आला होता. इथल्या मराठी माणसांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. तोच माणूस पुढे भूमध्य समुद्रातल्या सार्डिनिया बेटावरही उतरला. तिथे पकडले जाण्याची भीती वाटली, तेव्हा सुखरूप सुटलो तर दोन महिने रोजे ठेवीन, असा नवस त्याने केला. नंदुरबार आणि ते बेट एकाच मुसाफिराच्या वहीत आहेत.

तो पुरुष होता म्हणाल, तर मुरूडला चला. जंजिऱ्याच्या बेगम नाझली रफिया 1908 मध्ये युरोपला गेल्या, इस्तंबूलपर्यंत फिरल्या आणि ‘सैर-ए-यूरोप’ हे प्रवासवर्णन उर्दूत लिहिलं. त्यांची बहीण अतिया फैजी त्याआधी, 1906 मध्ये, शिकायला लंडनला गेली होती. त्या श्रीमंत होत्या हे मान्य. पण शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान बाया समुद्र ओलांडून पुस्तकं लिहीत होत्या आणि आज आम्ही फोटोवर फतवे मागतो.

आता मराठी वाचणाऱ्या माझ्या इतर भावाबहिणींना दोन शब्द. मुसलमान बाया घरात कोंडलेल्या, असं तुम्ही म्हणता. पण आम्ही निघतो तेव्हा दार कोण लावतं? कोकणात समुद्राजवळ एक बंगला आम्ही फोनवर ठरवला होता. तारीख, भाडं, जेवण सगळं ठरलं. शेवटी नाव विचारलं आणि बंगला अचानक ‘भरलेला’ निघाला. शेजारच्या गल्लीतल्या बाईने तासाभराने विचारलं तर रिकामा होता. आमच्या मोहल्ल्याची भिंत आम्ही पाडूच. तुमच्या फाटकावरची पाटी तुम्ही काढा.

माल्टा सगळ्यांच्या नशिबात नाही, त्याची गरजही नाही. नंदुरबारहून सुरतची गाडी रोज आहे आणि सुरतेजवळ डुमसला समुद्र आहे. याच सुरतेच्या बंदरातून मुघलांच्या काळात हाजी जहाजावर चढत. एसटीत मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, तोरणमाळचा यशवंत तलाव आपल्याच जिल्ह्यात आहे. तरी माझ्या वर्गातल्या मुलींना विचारते, समुद्र कुणी पाहिला? मुलांचे हात वर जातात. मुलींचे दोन किंवा तीन.

भाऊजान, फतवा नंतर मागा. आधी घरात जाऊन अम्मीला विचारा, तिने शेवटची सुट्टी कधी घेतली होती. उत्तर ऐकायची हिंमत असेल तरच विचारा.