बल्गारांचे नाव, स्लावांची भाषा

१९८१ साली बल्गेरियाने आपल्या राज्याची १३०० वर्षे मोठ्या थाटामाटाने साजरी केली. सोफियात संस्कृतिभवनाची प्रचंड इमारत उभी राहिली, शूमेनच्या टेकडीवर राज्यसंस्थापकांचे काँक्रीटचे अजस्र स्मारक झाले, आणि इ. स. ६८१ मध्ये बायझंटाइन सम्राटाला तह करावयास लावणारा खान अस्पारुख रुपेरी पडद्यावर अवतरला. या उत्सवाला चार वर्षेही लोटली नव्हती, तोच १९८४ च्या डिसेंबरात त्याच झिवकोव्ह राजवटीने आपल्या आठ लाखांवर तुर्की नागरिकांची नावे सक्तीने बदलण्यास प्रारंभ केला. हे लोक मुळात तुर्क नव्हेतच, उस्मानी अमलात बाटलेले ते बल्गेरियनच होत, असा सरकारी सिद्धांत होता, आणि या जुलमाला नाव दिले होते ‘पुनरुज्जीवन’! १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक माणसे घरेदारे सोडून तुर्कस्तानात गेली.

यातील विसंगती केवळ राजकीय नाही. ज्या अस्पारुखाचा जयजयकार चालला होता, त्याचे बल्गार लोक काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून आलेले अश्वारोही होते, आणि त्यांची भाषा तुर्की कुळातली होती, असेच बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. आजचे बल्गेरियातील तुर्क त्यांचे वंशज आहेत, असा याचा अर्थ नव्हे. ती शाखा वेगळी आणि ते आगमनही पुष्कळ नंतरचे. पण ज्या राष्ट्राचे नावच एका परक्या भाषेने दिलेले आहे, त्याने नावांच्या शुद्धीचा आग्रह धरावा, हे नवलच म्हटले पाहिजे.

अस्पारुख डॅन्यूब ओलांडून आला तेव्हा तेथे स्लाव जमातींची वस्ती होती. जेते संख्येने थोडे होते. दीड-दोन शतके दोन्ही समाज शेजारी नांदले. खान ओमुर्तगाचा ८२२ सालचा शिलालेख पाहावा. भाषा ग्रीक, राजा बल्गार, आणि कालगणना दोन्ही प्रकारची: एक बल्गारांच्या प्राणिनामांच्या वर्षचक्रातली, दुसरी बायझंटाइन. राज्यकर्त्यांना स्वतःची लिखित भाषा नसल्याने शत्रूच्या भाषेत विजय कोरावे लागत होते.

ही कोंडी फोडली बोरिस राजाने. ८६४ च्या सुमारास त्याने बाप्तिस्मा घेतला, पण धर्माबरोबर ग्रीकांचे वर्चस्वही येईल ही धास्ती त्याच्या मनात होती. म्हणून त्याने रोमच्या पोपकडे प्रश्नांची भलीमोठी यादी धाडली. पोप निकोलस पहिला याने ८६६ मध्ये दिलेली १०६ उत्तरे उपलब्ध आहेत, आणि कोणत्याही राजवंशावळीपेक्षा ती अधिक बोलकी आहेत. युद्धात घोड्याच्या शेपटीचे निशाण चालेल काय? पोप म्हणतात, त्याऐवजी क्रूस घ्या. विजार घालावी की नाही? तिच्याशी धर्माला कर्तव्य नाही. ग्रीक धर्मोपदेशकांनी विजारीवरूनही बिचाऱ्यांना छळले असावे! नव्या धर्मात शिरताना आपले काय टिकेल आणि काय सोडावे लागेल, याची एका समाजाला लागलेली चिंता या उत्तरांतून डोकावते. स्वतः बोरिसाने मात्र धर्माविरुद्ध उठलेल्या ५२ सरदार घराण्यांचा निर्वंश केला. तेव्हा हे संक्रमण सौम्य होते असे कोणी समजू नये.

पुढे मोराव्हियातून हाकललेल्या मेथोडियसच्या शिष्यांना, क्लेमेंट आणि नाउम यांना, बोरिसाने आश्रय दिला. क्लेमेंटने ओह्रिड परिसरात शिष्यांच्या पिढ्या घडविल्या. पूर्वेकडे प्रेस्लाव येथे दुसरे विद्याकेंद्र उभे राहिले. ८९३ नंतर धर्म आणि राज्य यांच्या व्यवहारात ग्रीकची जागा स्लाव भाषेने घेतली. जेत्यांची भाषा लोपली. नाव तेवढे राहिले.

व्होल्गाकाठी स्थिरावलेल्या दुसऱ्या शाखेचे प्राक्तन वेगळे. तिने इस्लाम स्वीकारला. ९२२ मध्ये बगदादच्या खलिफाचा दूत म्हणून गेलेला इब्न फदलान तेथल्या उन्हाळ्यातील तोकड्या रात्री पाहून चकित झाला होता. मंगोलांनी १२३६ मध्ये ते राज्य बुडविले. आज धर्मपरंपरेच्या बळावर कझानचे तातार त्याचा वारसा सांगतात आणि भाषेच्या बळावर चुवाश. चुवाश बहुतांशी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, पण बल्गारांच्या भाषेला सर्वांत जवळची अशी जिवंत भाषा त्यांचीच आहे. म्हणजे नाव डॅन्यूबकाठी, धर्म कझानला आणि भाषा चुवाशांच्या घरी!

हा गुंता ठाऊक असताना सोफियाने उत्तर मॅसिडोनियाशी मांडलेला वाद पाहावा. २०१७ च्या मैत्री करारानुसार दोन्ही देशांच्या इतिहासतज्ज्ञांचा संयुक्त आयोग नेमला गेला. तो झार सॅम्युएलपाशी अडला. हा दहाव्या-अकराव्या शतकातला राजा बल्गेरियन की मॅसिडोनियन? २०२० च्या नोव्हेंबरात बल्गेरियाने शेजाऱ्याचा युरोपीय संघाकडे जाणारा रस्ता रोखला. २०२२ मध्ये फ्रान्सच्या मध्यस्थीने तडजोड निघाली, तीही उत्तर मॅसिडोनियाने घटनेत बल्गेरियनांचा उल्लेख करावा या अटीवर. ती घटनादुरुस्ती स्कोप्येच्या राजकारणात अडकली.

कागदोपत्री सोफियाची बाजू लंगडी नाही, हे मान्य केले पाहिजे. बितोला येथे १९५६ साली सापडलेल्या शिलालेखात सॅम्युएलचा पुतण्या इव्हान व्लादिस्लाव स्वतःला बल्गेरियनांचा अधिपती आणि जन्माने बल्गेरियन म्हणवितो. तो दगड मॅसिडोनियाच्याच भूमीवर आहे, आणि स्कोप्येच्या पाठ्यपुस्तकांनी त्याकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे. परंतु बाराव्या पिढीचा शेतकरी आज आपल्या भाषेला काय म्हणतो, हे अकराव्या शतकातील दगडाने ठरवावयाचे काय? तोच न्याय लावला तर बल्गेरियनांनी उद्या चुवाश भाषा शिकावयास हवी. इतिहासाची चूक इतिहासकाराने दाखवावी; तिच्यासाठी वीस लाखांच्या देशाचे भवितव्य ओलीस धरण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला पोचत नाही. १९८४ चा सिद्धांतही ‘तुम्ही मुळात आमचेच’ याच वाक्याने सुरू झाला होता. २०१२ मध्ये बल्गेरियाच्या संसदेने त्या सक्तीच्या सामिलीकरणाचा ठरावाने निषेध केला, ही त्या देशाच्या लोकशाहीला भूषणावह गोष्ट आहे. शेजाऱ्याशी बोलताना तो ठराव तिने समोर ठेवावा.

१०१४ साली सम्राट दुसऱ्या बेसिलने सॅम्युएलच्या हजारो सैनिकांचे डोळे काढून त्यांना परत पाठविले. ग्रीक बखरकार हा आकडा पंधरा हजार सांगतो. तो फुगविलेला असेल. ते दृश्य पाहून राजा कोसळला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. आता स्कोप्येच्या चौकात त्याचा सिंहासनस्थ संगमरवरी पुतळा आहे. सोफियानेही २०१५ मध्ये आपला स्वतंत्र पुतळा उभारला. त्याच्या डोळ्यांत दिवे बसविले होते.