रद्दीच्या गठ्ठ्यातला शक्तिमान



मागच्या महिन्यात आपल्या होस्टेलच्या वाचनालयाची साफसफाई झाली. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसाठी एक कपाट मोकळं करायचं होतं. त्या कपाटातून काय काय निघालं म्हणता! दोन सिलॅबस मागच्या नोट्स, कॅरमच्या पावडरचा रिकामा डबा, तीन वेगवेगळ्या नावांची तीन जर्नल्स (हस्ताक्षर मात्र एकच!) आणि अगदी तळाशी पुठ्ठ्याच्या बांधणीचं एक जाडजूड पुस्तक. वर नाव नाही, गाव नाही. उघडलं तर आत शक्तिमान! डायमंड कॉमिक्सचे सहा अंक कोणीतरी एकत्र शिवून ठेवले होते.

"सर, हे बी रद्दीत?" मामांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत एक सहकारी म्हणाले, "टाका, टाका. एक तर भुताखेताची मालिका, त्यात त्या मालिकेवरचं कॉमिक. उष्ट्याचंही उष्टं ते!"

सगळे हसले. मीही हसलो. आणि सगळे चहाला गेल्यावर ते पुस्तक हळूच शर्टाखाली घालून माझ्या क्वार्टरवर घेऊन आलो. एका रेक्टरने केलेल्या चोरीचा हा कबुलीजबाब आहे असं समजा. पण चोराला आपली बाजू मांडायचा हक्क असतो की नाही?

मी पातूरचा. अकोल्याहून वाशीमकडे निघालात की घाट लागायच्या आधी जे गाव लागतं, ते. १९९७ च्या सप्टेंबरात दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाली तेव्हा मी चौथीत होतो. आजच्या फर्स्ट इयरवाल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुकेश खन्ना शक्तिमान झाले होते. योगसाधनेतून पंचमहाभूतांची शक्ती मिळालेला माणूस. एरवी तोच दात पुढे आलेला, चष्मा लावलेला, वर्तमानपत्रासाठी फोटो काढणारा वेंधळा गंगाधर. आणि समोर अंधाराचा राजा तमराज किल्विष. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांचं ठाम मत होतं की हा किल्विष पातूरच्या लेण्यांमध्ये राहतो. दिवस मावळल्यावर तिकडे जायची आमच्यात कोणाची टाप नव्हती.

पुढे ही मालिका रविवारी दुपारी बाराला लागायला लागली. आमच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंच्या ओसरीत आम्ही पंधरा-वीस जण साडेअकरापासून जागा धरून बसायचो. आणि बारा वाजून दहा मिनिटांनी, शक्तिमान गरगर फिरायला लागला रे लागला की... लाइन गेली! अंधाराचा राजा जिंकला! पुढचं काय झालं ते कळायची सोय नव्हती. भाग पुन्हा लागत नसे, मोबाईल नव्हते. सोमवारी अकोल्याहून येणारं एखादं पोरगं सांगेल ते खरं, आणि ते पोरगं स्वतःच्या मनचंही चार आणे मिसळायचं.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, तेव्हा दहावीनंतर शाळा सोडून गॅरेजवर कामाला लागला होता. पार्ट आणायला एसटीने अकोल्याला जायचा. एकदा येताना त्याने स्टँडवरून शक्तिमानचं कॉमिक आणलं. स्वतःच्या पैशाने. रात्री लाइन नव्हतीच. कंदिलाभोवती आम्ही पाच भावंडं बसलो, दादाने हिंदी वाचायचं आणि आजीसाठी आमच्या वऱ्हाडीत सांगायचं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "पाय, लाइन गेली तरी हे बंद पडत नाही." एवढं मोठं तंत्रज्ञान मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बॅटरी बॅकअप अमर्याद!

आता त्या 'उष्ट्या'कडे येऊ.

गोष्ट एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेली की ती उष्टी होते, असं मानलं तर आपल्याकडे सोवळ्यातली गोष्ट शिल्लक राहील का? वेताळाचंच घ्या. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' लिहिला, तोही गुणाढ्याच्या जुन्या 'बृहत्कथे'च्या आधाराने. त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. त्यातला राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. पुढे लोकांच्या तोंडी तो राजा विक्रम झाला. १९५२ साली मराठीत 'चांदोबा' सुरू झाला आणि त्यातून वेताळ घरोघरी पोचला. उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान... ते चित्र काढणारे शंकर यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. १९८५ साली रामानंद सागर यांनी 'विक्रम और बेताल' दूरदर्शनवर आणली. अरुण गोविल विक्रम आणि सज्जन बेताल. आणि गंमत म्हणजे इंद्रजाल कॉमिक्सने ली फॉक यांचा अमेरिकन 'फँटम' मराठीत आणला तेव्हा त्याचंही नाव काय ठेवलं? वेताळ! जंगलात राहणाऱ्या त्या बुरखेधारी गोऱ्या माणसाला आपल्या गावच्या दैवताचं नाव लागलं, आणि ते कोणाला खटकलंही नाही. सांगा, यात पहिला घास कोणाचा आणि उष्टं कोणाचं?

तेव्हा टीव्हीवरून कॉमिकमध्ये आला म्हणून शक्तिमान कमी दर्जाचा ठरत नाही. कॉमिक वाईट असेल तर ते वाईट काढलंय किंवा वाईट लिहिलंय म्हणून. हे मात्र मान्य करतो की बरीच वाईट होती. एका पानावर किल्विषच्या दाढीचा आकार एक, तर दुसऱ्या पानावर भलताच. गीता विश्वास एवढी धीट पत्रकार, पण दर दोन अंकांआड तिला बांधून ठेवलेली. सुटे अंक वाचताना हे जाणवत नाही. सहा अंक एकापाठोपाठ वाचले की लगेच जाणवतं, "अरे, परत तेच!" वाचणारं पोरगं तिथे पहिल्यांदा समीक्षक होतं. म्हणून मला सुट्या अंकांपेक्षा एकत्र बांधलेला खंड जास्त मोलाचा वाटतो.

खंडाचं दुसरं मोल त्याहून मोठं आहे. 'चांदोबा'तला वेताळ कधी संपलाच नाही. राजाने प्रेत उतरवायचं, वेताळाने गोष्ट सांगून प्रश्न टाकायचा, राजाने उत्तर द्यायचं आणि वेताळाने परत झाडावर जायचं. पंचवीस गोष्टी केव्हाच उलटून गेल्या, तरी दर महिन्याला पुन्हा ते झाड आणि पुन्हा ते प्रेत. मला कित्येक वर्षं वाटायचं की या गोष्टीला शेवटच नाही. इंजिनिअरिंगला असताना एका जुन्या ग्रंथालयात पंचवीस गोष्टींचं बांधलेलं पुस्तक हाती लागलं आणि शेवट कळला. शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला येत नाही. तो गप्प राहतो. त्या गप्प राहण्यावर वेताळ खूश होतो आणि सांगतो की ज्या योग्यासाठी तू हे ओझं वाहतोयस, तो तुझाच बळी देणार आहे. इतक्या वेळा हुशारीने उत्तरं देऊन जे साधलं नाही, ते एकदा "येत नाही" म्हणून गप्प राहिल्याने साधलं!

व्हायवाला जाणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. एक्स्टर्नल म्हणजे वेताळच. पण येत नसताना थापा मारणाऱ्याचं डोकं शंभर शकलं होऊन पायाशी लोळतं, हे मी दर सेमिस्टरला डोळ्यांनी पाहतो. माहीत नाही हे कबूल करणारं पोरगं मला जास्त भरवशाचं वाटतं. हा धडा मला सुट्या अंकांतून मिळाला नसता, शेवटाचं पान असलेल्या पुस्तकातूनच मिळाला.

तिकडे अमेरिकेत 'बफी' नावाची रक्तपिपासू पिशाच्चांशी लढणाऱ्या मुलीची मालिका २००३ मध्ये संपली. २००७ पासून तिचा पुढचा 'आठवा सीझन' चक्क कॉमिक म्हणून निघाला, मूळ मालिकेच्या निर्मात्याच्याच देखरेखीखाली, आणि नंतर त्याचे खंड झाले. म्हणजे टीव्हीने गोष्ट सोडली तिथून ती कागदाने उचलली. आपल्याकडे शक्तिमान २००५ च्या मार्चमध्ये संपली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली. कॉमिक्स मात्र रद्दीत गेली. जी उरली, ती कोणीतरी सुईदोरा घेऊन बसलं म्हणून.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. "सर, असल्या वाचनाने अंधश्रद्धा वाढते." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं आणि त्याच वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तिथे तो हसण्यावारी नेता येत नाही. शक्तिमान वाचवायला येईल या समजुतीने मुलांनी जिवावरचे प्रकार केल्याच्या बातम्याही त्या काळात छापून आल्या होत्या. मुकेश खन्नांना स्वतः पडद्यावर येऊन, असं करू नका, हे सांगावं लागलं.

पण माझा अनुभव उलटा आहे. टीव्हीवर माणूस उडताना पाहिला तेव्हा मला खरंच वाटलं होतं की तो उडतो. ती भाबडी समजूत कॉमिकने मोडली. दादा कागदाला गोडं तेल लावायचा, की कागद पारदर्शक व्हायचा. तो चित्रावर ठेवून आम्ही शक्तिमान उतरवून घ्यायचो. उतरवता उतरवता एक दिवस लक्षात आलं की उडणं म्हणजे दुसरं काही नाही, पायामागे ओढलेल्या सात-आठ तिरप्या रेघा! त्या खोडल्या की तोच शक्तिमान पालथा झोपलेला दिसतो. मी रेघा काढल्या, तो उडाला. रेघा पुसल्या, तो पडला. चमत्कार कसा 'बनवतात' हे मला नवव्या-दहाव्या वर्षी कळलं आणि माझी भीती गेली. (लेण्यांकडे मात्र अजूनही संध्याकाळी एकटा जात नाही, ते साप-विंचवांमुळे!)

आज मी तुम्हाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतो. हीच वस्तू वरून कशी दिसेल, बाजूने कशी दिसेल, यात दर वर्षी अर्धा वर्ग अडकतो. मला ते कधी जड गेलं नाही. इमारतीवरून खाली पाहणारा शक्तिमान आणि खालून वर पाहणारी गर्दी, हे दोन्ही व्ह्यू मी तेलाच्या कागदावर आधीच गिरवून ठेवले होते.

आणि दादा? अंक फाटायला लागले म्हणून त्याने सहा-सहा अंक एकत्र करून शिवायला घेतले. मैद्याची खळ, जुन्या वह्यांचे पुठ्ठे, आजीची गोधडीची सुई. पहिला खंड वाकडा झाला. तिसरा बरा झाला. पाचव्यापर्यंत लोक आपली पोथी शिवून द्यायला आणू लागले. आज त्याचं स्वतःचं छोटं दुकान आहे, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं. इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट तो बांधून देतो. दहावीनंतर ज्याला शिकता आलं नाही, तो दर वर्षी शेकडो इंजिनिअरांच्या नावावर सोनेरी अक्षरं दाबतो.

चोरून आणलेला खंड घेऊन मी दिवाळीत त्याच्याकडे गेलो. शिवण सुटली होती. दादाने तो हातात घेतला, उलटापालटा केला, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. म्हणाला, "कोण्या पोट्ट्यानं घरीच बांधला हा. माह्या पहिल्या खंडासारखाच वाकडा हाय." मग जरा थांबून म्हणाला, "तुमचे रिपोर्ट रद्दीत येतेत, तेव्हा बी नवेच्या नवे असतेत. उघडलं तर पान कडकड वाजते. आन् हे पाय, कोपरे कसे मऊ झाले! कोनतं पुस्तक हाय सांग बरं याच्यात?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी राजासारखा गप्प राहिलो.

तो खंड आता नव्या शिवणीने परत आला आहे आणि वाचनालयात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी ठेवला आहे. समितीला मी तसं लेखी कळवलं आहे. त्या पुस्तकांनाही माझा विरोध नाही, नोकरी लागलीच पाहिजे. पण आई-बाबांची आठवण येऊन रात्री दीड वाजता झोप न येणारं फर्स्ट इयरचं पोरगं काही रीझनिंगची गणितं सोडवायला उठत नाही. त्याच्यासाठी एक फळी मोकळी ठेवूया. घरी माळ्यावर, ट्रंकेत कोणाची 'चांदोबा', 'इंद्रजाल', 'शक्तिमान', नागराज पडून असतील तर सुट्टीवरून येताना घेऊन या. फाटकी असली तरी चालतील. शिवायची सोय माझ्याकडे आहे.

आणि ज्या कोण्या माजी विद्यार्थ्याचा तो वाकडा खंड आहे, त्याच्या हाती हा अंक पडला तर त्याने एकदा येऊन जावं. शेवटच्या अंकाची शेवटची दोन पानं नाहीत. पुढे काय झालं, ते आम्हाला कळवावं.

— तुमचाच, ड्रॉइंगचा मास्तर